कडेचा तारा

म्युनिक, २० नोव्हेंबर १९९४

प्रिय ताई,

दिवाळीचं पत्र आणि चकल्यांचा चुरा दोन्ही पोचले. चुरा चमच्याने खाल्ला. आप्पांनी डबा मूर्तींच्या रंगाने माखलेल्या सुतळीने बांधला होता, त्यामुळे माझी बोटं दोन दिवस हिरवी होती. इथल्या लोकांनी विचारलं, हा तुमच्याकडचा विधी आहे का? मी हो म्हणालो.

सोबत एक चित्र आहे. मासिकात छापायचं ते नव्हे, त्याच्या आधीचा मोठा कागद तुझ्यासाठी काढून घेतला. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक क्ष-किरण. क्ष-किरण हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून आमची दुर्बीण उपग्रहावर बसवलेली आहे.

मधला पुंजका म्हणजे माझा तारा, टी पिक्सिडिस. होकायंत्र नावाच्या लहानशा तारकासमूहात असतो. पेणच्या गच्चीवरून तुला दिसायचा नाही, फार मंद आहे. खरं तर ते दोन तारे आहेत, एकमेकांना खेटून फिरणारे. त्यातला लहान, म्हातारा, पण वजनाने भारी असलेला तारा दुसऱ्याचा वायू ओढून अंगावर घेत राहतो. पुरेसा थर साठला की तो पेटतो आणि बाहेर उधळला जातो. तारा मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा ओढायला लागतो. म्हणून याला आवर्ती नवतारा म्हणायचं. शेवटचा भडका १९६७ साली उडाला. आधीचं अंतर पाहता पुढचा आतापर्यंत व्हायला हवा होता. सगळे वाट बघताहेत आणि तो गप्प आहे.

आता माझं काम. जुन्या भडक्यांतला वायू ताऱ्याभोवती कवचासारखा पसरलेला आहे. साध्या प्रकाशात तो दिसतो. मागून येणारा वेगवान वायू त्या संथ वायूवर आदळत असेल, तर तिथून क्ष-किरण निघायला हवेत. ते आजवर कोणाला दिसलेले नाहीत. पुंजक्याभोवती फिकट कडं दिसतंय का तुला? वर डावीकडे जरा जाड? ताई, ते कवच आहे असं मला वाटतं.

माझी इथली मुदत सप्टेंबरात संपते. कडं पक्कं ठरलं तर तीन वर्षं वाढवून देतो, असं प्रोफेसरांनी सरळ सांगितलंय. नाही ठरलं तर बॅग भरायची.

आप्पा कसे आहेत?

तुझा,
हरेश

---

रोहा, १८ डिसेंबर १९९४

चि. हरेश,

चित्र घडी न पडता पोचलं. स्वयंपाकघरात बरण्यांच्या फळीवर लावलंय. ह्यांनी शिफ्टवरून आल्यावर विचारलं, "भिंतीला काय झालं? बुरशी?" समजावून सांगितल्यावर मात्र चहाचा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिले. कडं मलाही दिसलं. आधी तू सांगितलंस म्हणून दिसलं की खरंच आहे म्हणून, ते मला सांगता येणार नाही. हा माझा जुना रोग तुला माहीत आहे.

गेल्या रविवारी पेणला गेले होते. परदेशी पाठवायच्या गणपतीच्या मूर्ती बोटीने जातात, त्यामुळे त्यांचं रंगकाम आत्ताच चालू आहे. तुझं पत्र आपल्या कारखान्यात वाचून दाखवलं. आप्पांनी मान वर न करता विचारलं, "फुटला का त्याचा तारा?"

"नाही आप्पा. पण त्याच्याभोवती कडं दिसलंय."

"कडं? हातातलं का पायातलं?"

केरू शाडू मळत होता. तो जिते गावाहून पेणला रोज येतो, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहे, आणि गप्प बसणं त्याला जमत नाही. म्हणाला, "एवढ्या लांब जाऊन कडंच मिळालं व्हय? पेणचे सोनार काय मेले होते?"

आप्पा हसले नाहीत. नंतर पाणी प्यायला उठले तेव्हा मला हळूच म्हणाले, "तीन वर्सं म्हणजे सत्त्याण्णव उजाडंल ना?" मी म्हटलं, "अठ्ठ्याण्णव." ते म्हणाले, "बरं," आणि परत पाटावर जाऊन बसले.

त्यांची प्रकृती ठीक आहे. यंदा ब्रश चांगले मिळत नाहीत अशी तक्रार आहे.

तुझी,
ताई

---

म्युनिक, ८ जानेवारी १९९५

प्रिय ताई,

"प्रकृती ठीक आहे" या तीन शब्दांवरून मला कळायचं ते कळलं. आप्पा माझ्यावर रागावले आहेत. अठ्ठ्याण्णव ऐकून नुसतं "बरं" म्हणाले, म्हणजे रागच. त्यांना सांग, मूर्तीचे डोळे मला लहानपणीही काढता आले नाहीत. मी तिथे असतो तरी कारखान्याचं ओझंच झालो असतो.

लेखाचा मसुदा तयार आहे. कड्याची जाडी कुठे जास्त, कुठे कमी, यावर दोन पानं लिहिली. वर डावीकडे नवा वायू जुन्यावर आदळत असावा असं मांडलंय. प्रोफेसर खूश आहेत. मार्चअखेर लेख पाठवायचा.

इथे बर्फ आहे. आप्पांना चांगले ब्रश हवे असतील तर इथून पाठवतो. कोणत्या नंबरचे ते विचारून कळव.

हरेश

---

रोहा, ५ फेब्रुवारी १९९५

चि. हरेश,

आप्पा रागावलेले नाहीत. ब्रश पाठवू नकोस.

एक प्रश्न विचारायचा आहे. मी बी. एस्सी. होऊन वीस वर्षं झाली, त्यामुळे तो बावळट असेल तर हसून सोडून दे. तू पाठवलेल्या कागदावर उजव्या कडेला, साधारण मधोमध, आणखी एक लहान पुंजका आहे. तो तुझ्या ताऱ्याचा कोणी नसावा, भलताच कुठलातरी तारा असेल. त्याच्याभोवती काही कवच वगैरे आहे का?

विचारायचं कारण, तोही मला गोल दिसत नाही. जरा फाकल्यासारखा आहे, आणि तोही वर डावीकडे.

ओट्यापाशी उभं राहून रोज बघते म्हणून लक्षात आलं. कुकरच्या वाफेने कागद फुगला असेल म्हणून काल खाली काढून टेबलावर सपाट ठेवून पाहिला. तसाच दिसतो.

इकडे थंडी ओसरली. वालाच्या शेंगा आल्यात. परवा मडक्यात शेंगांची पोपटी लावली तेव्हा तुझी आठवण निघाली.

ताई

---

म्युनिक, २२ फेब्रुवारी १९९५

ताई,

प्रश्न बावळट नाही, पण त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या दुर्बिणीला मधलं नीट दिसतं, कडेचं फाकतं. चष्म्याच्या काचेच्या कडेतून बघितल्यावर होतं तसं. म्हणून कडेच्या ताऱ्याचा आकार कोणीच धरत नाही. छापायच्या चित्रात तो मी कापूनच टाकलाय. एकट्या ताऱ्याचा ठिपका केवढा दिसायला हवा याचं ठरलेलं माप असतं. त्या मापाशी मी माझा तारा ताडून पाहिला, तो मापाहून मोठा आहे. म्हणून कडं.

आता मी एक विचारतो, रागावू नकोस. मी परत यावं असं तुला वाटतं का? वाटत असेल तर तसं लिही. माझ्या चित्रात भोकं शोधून ते सांगायची गरज नाही.

हे वाक्य खोडणार होतो. खोडलं नाही, कारण तूच शिकवलंयस की खोडलेलं वाक्य जास्त वाचलं जातं.

हरेश

---

रोहा, १९ मार्च १९९५

चि. हरेश,

तुझं पत्र येऊन दहा-बारा दिवस झाले. उत्तर रोज मनात लिहीत होते.

तू परत यावंस असं मला वाटतं का? वाटतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा कडं खोटं निघावं असं क्षणभर मनात येऊनही गेलं. रोजनिशीत मी ते लिहून ठेवलं, म्हणजे पुढे स्वतःला फसवायला नको. म्हणून तो कडेचा तारा दिसल्यावर आठवडाभर तुला कळवलं नाही. मला दिसतंय ते खरंच आहे म्हणून दिसतंय, की दिसावंसं वाटतंय म्हणून? शेवटी ह्यांना काही न सांगता कागदासमोर उभं केलं आणि विचारलं, "तो कडेचा ठिपका कसा आहे?" ते म्हणाले, "वरती डावीकडं ओघळलाय." तेव्हाच तुला लिहिलं.

पण ते मला सुचलं कसं, हे लपवलं. ते आज लिहिते.

आप्पांचा हात कापतो.

दिवाळीनंतर पहिल्यांदा दिसलं. मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ कानाकडे जाताना जाड व्हायला लागली. आप्पा म्हणाले, "ह्या वर्षीचा ब्रश भिकार हाय." नवा ब्रश आणला. मग रंग पातळ झाला होता. मग खिडकीतला उजेड. मीही त्यांच्याबरोबर कारणं शोधत होते, कारण आप्पांची डोळ्यांची आखणी बिघडेल हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. जानेवारीत एका रविवारी फळीवर सुकत ठेवलेल्या सगळ्या मूर्ती एका रांगेत दिसल्या. लहान, मोठ्या, उभ्या, लोडाला टेकलेल्या; साचे वेगळे, ब्रश वेगळे, दिवस वेगळे. रेघ मात्र सगळ्यांची त्याच ठिकाणी, त्याच बाजूला जाड. मग ना ब्रश उरला, ना रंग. उरला तो हात.

घरी आले, कुकर लावला, वर तुझं चित्र. दोन वेगळे तारे, एकाच बाजूला ओघळलेले.

कडेचं फाकतं हे तू लिहिलंस ते मी समजून घेतलं. पण कडेमुळे फाकलं असतं तर मधला तारा फाकलाय त्याच बाजूला, त्याच तिरकेपणाने का फाकावं? मला उत्तर माहीत नाही. तुमच्या दुर्बिणीला हात असतो का, तेही माहीत नाही. असेल तर तो एकदा तपासून बघ. आणि तपासून कडं टिकलं, तर मला खरोखर आनंद होईल. हे वाक्य मी दोनदा वाचून मगच ठेवतेय.

आप्पांना कोणी काही बोललेलं नाही. दुपारी ते जरा आडवे झाले की केरू त्यांनी काढलेल्या रेघा हळूच नीट करतो. मी ते पाहिलं तेव्हा तो दचकला. म्हणाला, "ताई, म्हाताऱ्याला सांगू नका. बोटीचा माल हाय, परत नाय यायचा." मी सांगितलं नाही. तुलाही कळवलं नाही. तू त्यासाठी सगळं सोडून निघून आला असतास आणि पुढे आयुष्यभर आप्पा स्वतःला दोष देत बसले असते. हे बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही.

ताई

---

म्युनिक, २३ एप्रिल १९९५

प्रिय ताई,

आमच्या दुर्बिणीला हात असतो.

नीट सांगतो. दुर्बीण एकाच जागी रोखून ठेवली तर यंत्रातल्या एखाद्या दोषाची सावली सतत ताऱ्यावरच पडते. म्हणून तिला मुद्दाम अगदी हलकं डोलत ठेवतात. कोणत्या क्षणी ती किती कलली होती याची नोंद होत असते आणि चित्र जुळवताना तेवढं डोलणं वजा करतात. मी ते वजा केलेलंच चित्र वापरत होतो. पण ही वजाबाकी अगदी बरोबर होते, हे मी गृहीत धरलं होतं. कोणी विचारलं असतं तर "अर्थातच" म्हणालो असतो.

तुझं पत्र आलं तेव्हा लेख पाकिटात घातलेला होता. प्रोफेसरांकडून मी एक आठवडा मागून घेतला. सगळे क्ष-किरण दुर्बिणीच्या कलानुसार वेगवेगळ्या ढिगांत घातले आणि प्रत्येक ढिगाचं वेगळं चित्र काढलं. ताई, प्रत्येक चित्रात तारा जवळजवळ गोल होता. फक्त दर चित्रात किंचित सरकलेल्या जागी. कडेचा ताराही त्याच्याबरोबर तेवढाच सरकायचा. सगळी चित्रं सरकवून एकावर एक नीट बसवली तेव्हा तारा आकसला आणि कडं गेलं. त्याच्या जाड-बारीकपणावर मी दोन पानं लिहिली होती.

त्या दिवशी जेवायला गेलो नाही. मग फळीवरच्या मूर्ती आठवल्या आणि एकटाच हसलो. तारा वेगळा, ब्रश वेगळा, हात तोच. मी कडेचा तारा कापून टाकला होता, कारण तो नियमानुसार धरायचा नसतो. तू ओट्यापाशी उभी असल्यामुळे तुला तो नियम माहीत नव्हता.

तुझ्या हेतूबद्दल इतका विचार करू नकोस. हेतू काहीही असता तरी ठिपके जिथे होते तिथेच होते. माझ्या बावीस फेब्रुवारीच्या पत्रातल्या त्या वाक्याबद्दल मात्र मला वाईट वाटतं.

कवच तिथे आहेच. फक्त आमच्या दुर्बिणीला जाणवतील एवढे क्ष-किरण त्यातून येत नाहीत. तेवढंच लिहिलंय: अमुक एवढ्यापेक्षा जास्त उजेड इथे नाही. आठ पानांचा लेख अडीच पानांचा झाला. प्रोफेसरांनी वाचला, म्हणाले, "हे बरोबर आहे," आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मुदत वाढणार नाही. पुण्यात एका संस्थेत अर्ज केलाय, उत्तर नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात निघतो, गणपतीआधी पेणला पोचेन.

आप्पांसाठी वेगळं पत्र सोबत आहे. त्यात हाताबद्दल एक अक्षरही नाही, फक्त दुर्बिणीची हकिगत आहे. कारखान्यात वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

हरेश

---

रोहा, २ जुलै १९९५

चि. हरेश,

आप्पांसाठीचं तुझं पत्र मी दीड महिना पिशवीत घालून पेणला नेत होते आणि तसंच परत आणत होते. दुर्बिणीची हकिगत ऐकून त्यांना कळलं तर? आणि नाहीच कळलं तर? मागच्या रविवारी आप्पांनीच विचारलं, "पोराचं पत्र नाय ते?" मग खोटं बोलवेना. वाचलं.

कारखान्यात आम्ही तिघंच होतो. दुर्बीण मुद्दाम डोलत ठेवतात इथवर आले तेव्हा केरूचा हात थांबला. ते डोलणं कागदावर उरलं आणि तू त्याला कडं समजलास, इथवर आले तेव्हा तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी ओळी गाळायच्या बेतात होते. आप्पा म्हणाले, "वाच, वाच. गाळू नको."

संपवलं. आप्पांनी मांडीवरची मूर्ती वळवून केरूपुढे ठेवली. "घे. डोळे काढ."

"मी? मी कशाला, आप्पा? तुमची आखणी म्हणजे..."

"दिवाळीपासनं तूच काढतोस ना? मी आडवा झालो का माझ्या रेघा पुसतोस. ओला रंग कुठला न सुका कुठला, मला कळत नाय व्हय रे?"

केरूचा चेहरा शाडूसारखा झाला. "मंग बोललात का नाय?"

"तू चोरून करत होतास, म्हणून नीट करत होतास. बोललो असतो तर घाबरला असतास. आता शिकलास. काढ."

केरूने ब्रश उचलला, मग खाली ठेवला, हात पंचाला पुसले आणि परत उचलला. त्याने रेघ काढली. आप्पा वाकून बघत होते. म्हणाले, "बघत्येत हां डोळे. पन जरा रागानं. बायकोशी भांडून आलास काय?"

"ती म्हायेरी हाय."

"म्हणूनच."

म्हणजे मी सहा महिने आप्पांपासून जे लपवत होते, ते आप्पा माझ्यापासून लपवत होते. पिशवीत पत्र घेऊन रोह्याच्या गाडीत बसून मी किती विचार केला! रोजनिशीत आता काय लिहावं? फक्त "रविवार. पेण. आप्पा बरे आहेत," एवढंच लिहिलं. या वेळी ते खरं होतं.

खाली आप्पा स्वतः लिहिणार आहेत. अक्षराला हसू नकोस.

ताई

चि. हरेशास,

पत्र ऐकलं. तुझी ताई मधे मधे थांबत होती, म्हणून दोनदा वाचायला लावलं.

कडं नव्हतं तर नव्हतं असं लिहिलंस, ते बरं केलंस. आमच्याकडं एखादी रेघ वाकडी गेली तरी लोक हात जोडतात, दहा दिवसांनी मूर्ती पाण्यात जाते, मातीची माती होते. तुझं छापून राहिलं असतं.

डोळे आता केरू काढतो. मी पितांबर रंगवतो. त्याच्या चुण्या काढायला कापरा हात फार चांगला. सरळ हातानं कधी इतक्या झोकदार आल्या नव्हत्या. पुण्याचं जमलं तर जा, नाय जमलं तर बघू. एक मोठी मूर्ती ठेवलीय, तिचा पितांबर अजून पांढरा हाय. तू आलास म्हणजे तुझ्यासमोर करीन.

आप्पा